लखोट्याचें गुपित

पत्र म्हटलें म्हणजे लिहिणारा आणि वाचणारा अशीं दोन माणसें डोळ्यांसमोर उभीं राहतात. परंतु पत्राच्या इतिहासांत तिसरा एक मनुष्य सदैव हजर असतो, आणि तो म्हणजे पत्र वाहून नेणारा. कधीं तो घोड्यावरचा जासूद असतो, कधीं टपालखात्यांतला कारकून, कधीं यंत्रासमोर बसलेला तारमास्तर. आणि अलीकडच्या काळांत त्याची जागा समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या तारेनें व तिच्या टोकाशीं बसविलेल्या यंत्रानें घेतली आहे. लिहिणाऱ्याला त्याच्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि त्याच्यावर सर्वस्वीं विसंबण्याचीहि सोय नाहीं. या अडचणींतून वाट काढण्याची विद्या राजदरबारांना फार पूर्वींपासून अवगत होती. सामान्य गृहस्थाला ती कशी शिकवावी, हा प्रश्न मात्र अवघ्या दोन शतकांतला आहे, आणि त्याचें उत्तर अद्याप पुरतें सांपडलेलें नाहीं.

मराठ्यांच्या राजकारणांत महत्त्वाचें पत्र घडी घालून, बंद करून, मोहोर उठवून जासुदाच्या हवालीं केलें जाई. तरीहि अत्यंत नाजूक मजकूर पत्रांत घालण्याचें शहाणे कारभारी टाळीत. जुन्या दप्तरांतील कागद चाळणाऱ्याला एक गोष्ट पुन्हां पुन्हां आढळते: उरलेला तपशील पत्र घेऊन येणारे गृहस्थ मुखजबानीनें सांगतील, असें लेखक कळवितो आणि तेथेंच थांबतो. लाख फुटूं शकते, मोहोर बनावट होऊं शकते. पण जें लिहिलेंच नाहीं तें कोणाला वाचतां येत नाहीं, असा तो हिशेब होता. अर्थात् ही दक्षता दरबारची. रयतेच्या घरीं पत्र येई तें क्वचित्, आणि आलें तरी तें गांवांतल्या एखाद्या लिहित्यावाचत्या माणसाकडून वाचून घ्यावें लागे. ज्याला स्वतःचें पत्र स्वतः वाचतां येत नाहीं, त्याला लखोट्याच्या लाखेचा काय उपयोग? पत्राचें गुपित राखण्याचा पहिला धडा म्हणजे अक्षरओळख, ही गोष्ट येथेंच स्पष्ट होते.

इंग्लंडमध्यें टपाल ही सरकारची मक्तेदारी सतराव्या शतकांतच झाली होती. आणि जेथें सर्वांचीं पत्रें एका छपराखालीं येतात, तेथें तीं उघडून पाहण्याचा मोहहि उत्पन्न होतो. लंडनच्या टपालखात्यांत परदेशी पत्रें उघडणारी एक गुप्त कचेरी होती, आणि तिच्या जोडीला सांकेतिक लिपी उलगडणारी दुसरी. या दुसऱ्या कामावर १७१६ मध्यें एडवर्ड विल्स नांवाच्या धर्मोपदेशकाची नेमणूक झाली. तो पुढें बिशपच्या पदास चढला, तरी हें काम त्यानें सोडलें नाहीं. आणि त्याला धरून त्याच्या घराण्यांत तें एकंदर शंभर वर्षांहून अधिक काळ एखाद्या वतनासारखें चालत राहिलें. त्या कचेऱ्यांतले कारागीर मोहरेचा ठसा घेऊन तशीच दुसरी मोहोर बनवीत, पत्राची नक्कल उतरून घेत, आणि पत्र पुन्हां बंद करून मार्गस्थ करीत. ज्याचें पत्र फुटलें त्याला त्याचा सुगावाहि लागत नसे.

तो लागला १८४४ सालीं, आणि तोहि एका परदेशी निर्वासिताला. इटलीच्या स्वातंत्र्याचा प्रणेता जोसेफ मॅझिनी, ज्याची ओळख मराठी वाचकांना सावरकरांच्या १९०७ सालच्या भाषांतरानें करून दिली, तो त्या काळीं लंडनमध्यें राहत होता. आपल्या नांवचीं पत्रें वाटेंत कोणी तरी पाहतें, असा संशय त्याला आला. नुसत्या संशयावर ओरड न करतां त्यानें तो पारखून पाहिला. ज्या पत्रांवर त्याला पहारा ठेवावयाचा होता, त्यांच्या घडींत खसखशीचे दाणे, वाळूचे कण आणि केंस ठेवण्याची त्यानें व्यवस्था केली. पत्र हातीं आलें तेव्हां बाहेरून सर्व ठाकठीक होतें. आंतली खसखस तेवढी नाहींशी झाली होती. शेजारच्या दुकानांत मिळणाऱ्या क्षुल्लक वस्तूच्या साहाय्यानें एका निर्धन परदेशी माणसानें साम्राज्याची गुप्त कचेरी पकडली.

मॅझिनीनें आपल्या कांहीं सहकाऱ्यांसह पार्लमेंटकडे अर्ज केला. टॉमस डंकम या सभासदानें तो १४ जून १८४४ रोजीं कॉमन्स सभेपुढें मांडला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनीं पत्रें उघडण्याचा हुकूम दिल्याचें नाकारलें नाहीं, परंतु अधिक कांहीं सांगण्याचें साफ नाकारलें. पुढें चौकशी होऊन उघडकीस आलें कीं, मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत मॅझिनीचीं पत्रें वाचलीं जात होतीं, आणि त्यांतली माहिती ऑस्ट्रियाच्या सरकारला पुरविण्यांत आली होती. याच सुमारास अत्तिलिओ व एमिलिओ बांदिएरा हे दोघे तरुण भाऊ मूठभर साथीदारांसह दक्षिण इटलींत बंड करण्याकरितां उतरले, पकडले गेले, आणि २५ जुलै १८४४ रोजीं त्यांना व त्यांच्या सात सोबत्यांना गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांचा मॅझिनीशीं पत्रव्यवहार होता. त्यांच्या नाशाला लंडनमधली पत्रफोडच कारण झाली, असें म्हणतां येत नाहीं, कारण त्यांच्यांतीलच एकानें फितुरी केली होती. तथापि इंग्लंडांतील पुष्कळांच्या मनांत तो डाग राहिला. टॉमस कार्लाइल हा कांहीं मॅझिनीच्या मतांचा अनुयायी नव्हता. परंतु त्यानें वर्तमानपत्रांत लिहून मॅझिनीच्या चारित्र्याची ग्वाही दिली, आणि दुसऱ्याचें पत्र फोडणें हें खिसा कापण्याच्या जातीचें कृत्य आहे, असें बजावलें.

या प्रकरणाचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. परदेशी पत्रांची गुप्त कचेरी व सांकेतिक लिपीची कचेरी या दोन्ही बंद झाल्या. परंतु मंत्र्याच्या हुकमानें पत्र उघडण्याचा अधिकार कायद्यांत जसाच्या तसा राहिला. लोकांपुरतें पाहिलें तर, पत्र फोडणें या अर्थीं गृहमंत्र्यांच्या नांवाचें एक क्रियापदच इंग्रजींत रूढ झालें. पत्र चिकटविण्याच्या चकत्यांवर त्यांची टिंगल करणारा मजकूर छापला जाऊं लागला. कांहीं महिने प्रत्येक पत्रलेखक आपल्या मोहरेकडे डोळे फाडून पाहत होता. पुढें संताप निवला आणि ती सावधगिरीहि निवली. भीतीनें शिकविलेला धडा भीती ओसरतांच विसरला जातो, याचें हें एक उत्तम उदाहरण होय.

टिकाऊ शिक्षण दुसऱ्याच दिशेनें आलें, आणि तें कोणी शिकविण्याच्या हेतूनें दिलेंहि नव्हतें. १८४० पूर्वीं इंग्लंडांत टपालहंशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारलें जाई. पाकिटाचा कागद म्हणजे दुसरा कागद, म्हणजेच दुप्पट आकार. यामुळें लोक पत्राचाच कागद दुमडून त्याच्या पाठीवर पत्ता लिहीत. रोलंड हिल यांच्या योजनेनुसार १८४० सालीं अंतराचा विचार सोडून वजनावर एक पेनी हंशील ठरलें, आणि पाकीट एकाएकीं फुकट झालें. थोड्याच वर्षांत पाकिटांत पत्र घालणें ही घरोघरची रीत बनली. पाकीट वापरणारा प्रत्येकजण कांहीं कटवाला नव्हता. आईनें मुलीला धाडलेलें पत्र, डॉक्टरचा निरोप, दुकानदाराचा हिशेब, सर्व कांहीं पाकिटांतून जाऊं लागलें. आणि सर्वांचींच पत्रें झांकलेलीं असल्यामुळें ज्याला खरोखरच झांकण्याचें कारण होतें, त्याच्याकडेहि कोणी बोट दाखवीना.

हिंदुस्थानांत १८५४ सालीं अंतराचा विचार न करतां एकाच दरानें पत्र जाण्याची सोय झाली, आणि १ जुलै १८७९ रोजीं एका पैशाचें पोस्टकार्ड आलें. कार्ड स्वस्त, पण उघडें. कारकुनापासून पोस्टमनपर्यंत आणि पोस्टमनपासून ओसरीवरच्या पाहुण्यापर्यंत तें कोणीहि वाचावें. महाराष्ट्रांतील घरांनीं याचा विवेक कोणत्याहि पुस्तकावांचून आत्मसात केला. सुखरूप पोंचल्याची वार्ता, परीक्षेचा निकाल, पाहुणे येण्याची तारीख हीं कार्डावर. मुलीच्या स्थळाची बोलणीं, भाऊबंदकींतला वाद, कर्जाची याचना हीं पाकिटांत. चार पैशांची काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये, हें घरांतील अर्धशिक्षित बाईलाहि कळत असे. वाहून नेणारा काय पाहूं शकतो, याची तिला स्पष्ट कल्पना होती, म्हणूनच तिचा निर्णय चुकत नसे.

तारायंत्र आणि दूरध्वनि यांनीं हा विवेक अवघड केला. तार पाठवितांना मजकूर कारकुनाच्या हातीं उघडाच द्यावा लागे. म्हणून व्यापारी सांकेतिक शब्दांचे कोश बाळगूं लागले. त्यांत शब्दांचा खर्च वांचविणें हा मुख्य हेतु होता, तरी तारमास्तराला बाजारभाव न समजणें हाहि लहानसा लाभ नव्हता. सरकारनेंहि आपली बाजू सांभाळली. १८८५ च्या तारायंत्र कायद्यानें आणि १८९८ च्या टपाल कायद्यानें सार्वजनिक आणीबाणीच्या किंवा सुरक्षिततेच्या कारणावरून तारा व पत्रें अडविण्याचा अधिकार सरकारला दिला. परकी राज्य गेलें तरी हे कायदे राहिले. १९८६ सालीं पत्रें अडविण्याचा अधिकार अधिक रुंद करणारें एक विधेयक संसदेनें संमत केलें. राष्ट्रपति झैलसिंग यांनीं त्याला संमति दिली नाहीं, आणि पुढें तें मागें घेण्यांत आलें. दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानें १८ डिसेंबर १९९६ रोजीं निकाल दिला कीं, असें संभाषण हें मनुष्याच्या खाजगी जीवनाचा भाग आहे. तें ऐकावयाचें तर वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी हुकूम, ठराविक मुदत आणि फेरतपासणी यांचें बंधन पाळलें पाहिजे. कायद्याची भिंत अशी एकेक वीट करून बांधली जात होती.

तोंवर पत्राचें रूपच पालटलें. संगणकावरून जाणारें ई-मेल हें नांवानें पत्र असलें, तरी त्याच्या मूळ स्वरूपांत तें पोस्टकार्डच होतें. वाटेंतल्या प्रत्येक यंत्रावर त्याची प्रत पडे, आणि त्या यंत्राच्या चालकाला ती वाचतां येई. फरक इतकाच, कीं पोस्टकार्ड उघडें आहे हें हातांत घेणाऱ्याला दिसे. ई-मेल उघडें आहे हें कोणाच्याच डोळ्यांना दिसत नसे. पिढ्यान् पिढ्यांचा तो घरगुती विवेक येथें लंगडा पडला.

उपाय गणितज्ञांनीं शोधला होता. जुन्या सांकेतिक लिपींत एक मोठी उणीव होती: ज्या किल्लीनें पत्र बंद करावयाचें तीच किल्ली उघडणाऱ्याकडे आधीं पोंचवावी लागे, आणि ती पोंचवितांनाच चोरली जाई. १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनीं यावर नवीन तत्त्व सुचविलें, आणि पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनीं तें मोठमोठ्या मूळसंख्यांच्या गुणाकारावर आधारून व्यवहारांत आणण्याची रीत दिली. तिचें मर्म कुलपाच्या दृष्टान्तानें समजतें. एखाद्या गृहस्थानें एकाच घडणीचीं शेंकडों कुलपें उघडीं करून गांवभर वाटावीं, आणि त्यांची किल्ली मात्र आपल्या कमरेला ठेवावी. त्याला पत्र पाठवूं इच्छिणारा कोणीहि पेटींत पत्र ठेवून तें कुलूप दाबून लावील. पण एकदां लावलें कीं लावणाऱ्यालाहि तें उघडतां यावयाचें नाहीं. किल्ली प्रवासच करीत नाहीं, मग ती चोरली कोठून जाणार? ब्रिटनच्या सरकारी कचेरींत जेम्स एलिस व क्लिफर्ड कॉक्स यांना हीच कल्पना त्याहि आधीं सुचली होती. परंतु ती १९९७ पर्यंत कपाटांतच बंद राहिली.

ही विद्या सामान्य माणसाच्या हातीं देण्याचा पहिला मोठा प्रयत्न फिलिप झिमरमन या अमेरिकन प्रोग्रॅमरनें केला. १९९१ सालीं त्यानें पीजीपी नांवाचा प्रोग्रॅम तयार करून मोफत वांटला. सगळीं पत्रें पोस्टकार्डावर कां लिहीत नाहीं, असा साधा प्रश्न विचारून तो पाकिटाची महती पटवीत असे. त्याचा युक्तिवाद १८४० च्या पाकिटाचाच होता: सर्वांनीं पाकीट वापरलें तर वापरणारा संशयित ठरत नाहीं. अमेरिकेच्या कायद्यांत त्या वेळीं असा प्रबळ कूटलेखनाचा प्रोग्रॅम युद्धसामग्रींत मोडत असे. परवान्यावांचून तो देशाबाहेर गेला, या आरोपावरून झिमरमनची १९९३ पासून चौकशी चालली. प्रोग्रॅमची निर्यात बंद. पण छापील पुस्तकाला बंदी नाहीं. तेव्हां १९९५ सालीं एका विद्यापीठाच्या छापखान्यानें त्या प्रोग्रॅमचा सगळा मूळ पाठ पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. जानेवारी १९९६ मध्यें खटला न भरतांच चौकशी सोडून देण्यांत आली.

कुलूप तयार झालें, कायद्याचा अडथळाहि सरला. मग लोकांनीं तें वापरलें काय? १९९९ सालीं ॲल्मा व्हिटन व डग टायगर या संशोधकांनीं याची परीक्षा घेतली. ई-मेल नेहमीं वापरणाऱ्या बारा शिकलेल्या माणसांना त्यांनीं दीड तासाचा वेळ दिला, आणि या प्रोग्रॅमच्या साहाय्यानें एक गुप्त निरोप सही करून व बंद करून पाठविण्यास सांगितलें. बारांपैकीं चौघांनाच तें साधलें. अनेकांनीं पत्र घेणाऱ्याच्या कुलपाऐवजीं स्वतःच्याच कुलपानें बंद केलें. आणि तिघांनीं तर राखावयाचें गुपित चुकून उघड्यावरच पाठवून दिलें. दोष त्या बारा जणांच्या बुद्धीचा नव्हता. ज्यांनीं प्रोग्रॅम घडविला त्यांनीं तज्ज्ञाला जें उघड वाटतें तें सर्वांनाच उघड वाटेल, असें धरून चालण्याची चूक केली होती. वर्गांतला प्रत्येक विद्यार्थी एकाच उदाहरणांत चुकूं लागला, तर शहाणा शिक्षक आधीं आपली शिकविण्याची रीत तपासतो. संगणकाच्या जगाला हें उमगावयास बराच काळ लागला.

या उणिवेची किंमत किती मोठी असूं शकते, तें पुढील हकीकतींत दिसतें. डिसेंबर १९१२ पर्यंत मागें जाण्याची गरज नाहीं. ती डिसेंबर २०१२ ची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या कामावर असलेला एडवर्ड स्नोडेन हा कंत्राटी तंत्रज्ञ त्या महिन्यांत टोपणनांवानें ग्लेन ग्रीनवल्ड या पत्रकाराला लिहूं लागला. महत्त्वाची माहिती द्यावयाची आहे, परंतु आधीं पीजीपी बसवून घ्या, एवढीच त्याची अट होती. त्यानें पायरीपायरीनें सूचना लिहून धाडल्या. पुढें शिकवणीची एक चित्रफीतहि तयार करून पाठविली. कामाच्या गर्दींत ग्रीनवल्डनें तें लांबणीवर टाकलें. अखेर स्नोडेन लॉरा पॉइट्रास या चित्रपटनिर्मातीकडे वळला, कारण तिला ही विद्या येत होती. जून २०१३ मध्यें दोघांनीं मिळून हाँगकाँगमध्यें त्याची भेट घेतली आणि जगभर खळबळ उडविणारे कागद बाहेर पडले. पण एका पत्रकारानें पाकीट बंद करावयास न शिकल्यामुळें ती बातमी हातची जाण्याची वेळ आली होती.

त्याच डिसेंबर महिन्यांत स्नोडेननें आणखी एक गोष्ट केली, जी फारशी बोलली जात नाहीं. ११ डिसेंबर २०१२ रोजीं हवाई बेटांतील होनोलुलु येथें त्यानें एक शिकवणीवर्ग भरविला. अशा वर्गांची प्रथा त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांत अॅशर वुल्फ या नांवानें वावरणाऱ्या कार्यकर्तीच्या आवाहनामुळें सुरू झाली होती. वर्ग कसला, एखाद्या दुकानांत किंवा सार्वजनिक दालनांत जमलेला घोळका. ज्याला येतें त्यानें शेजाऱ्याला हाताला धरून शिकवावें, आणि शुल्क कांहीं नाहीं. होनोलुलूला सुमारें वीस माणसें जमलीं, आणि संगणकांतील कागदपत्रें कुलुपबंद कशीं करावीं, हें त्यांना शिकविण्यांत आलें. शिकविणारा तरुण थोड्याच महिन्यांत जगांतला सर्वांत चर्चिलेला मनुष्य होणार आहे, याची त्यांपैकीं कोणाला कल्पनाहि नव्हती.

स्नोडेननें बाहेर काढलेल्या कागदांतील पहिला जो प्रसिद्ध झाला, त्यांत लोकांचें संभाषण नव्हतेंच. एका मोठ्या दूरध्वनि कंपनीनें आपल्या ग्राहकांच्या संभाषणांच्या नोंदी रोजच्या रोज सरकारला द्याव्यात, असा तो गुप्त न्यायालयीन हुकूम होता. कोणीं कोणाला, केव्हां आणि किती वेळ फोन केला, एवढेंच त्या नोंदींत असे. हें लखोट्याच्या बाहेरच्या बाजूसारखें आहे. आंतला कागद कोणीं पाहिला नाहीं; पण रात्रीं दोन वाजतां डॉक्टरला, तीनदां वकिलाला आणि नंतर सावकाराला पत्र गेलें, एवढें ज्याला कळलें, त्याला आंत काय असेल याचा तर्क करण्यास वेळ लागत नाहीं. ज्या उन्हाळ्यांत हा हुकूम जगापुढें आला, त्याच सुमारास, जुलै २०१३ मध्यें, भारतांतील तारसेवा कायमची बंद झाली, आणि तारमास्तर इतिहासजमा झाला.

त्यानंतर शिक्षणाचा मार्गच बदलला. माणसाला कुलूप लावावयास शिकविण्याऐवजीं आपोआप लागणारें कुलूप पेटीलाच बसवावें, असा विचार पुढें आला. एप्रिल २०१६ मध्यें व्हॉट्सॲपनें आपल्या सर्व निरोपांना व संभाषणांना असें कुलूप बसविल्याचें जाहीर केलें. त्या वेळीं त्याचा वापर करणारांची संख्या शंभर कोटींवर गेली होती. पंचवीस वर्षांच्या उपदेशानें जें झालें नव्हतें तें एका फेरफारानें झालें. १८४० च्या पाकिटाची ही पुनरावृत्तीच होती: सोय फुकट व सहज झाली, तेव्हां ती सर्वांची झाली.

भारतांत याच सुमारास कायद्याचीहि एक मोठी वीट बसली. १९५४ व १९६२ सालच्या निकालांवरून खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाहीं, असें प्रतिपादन केलें जात असे. कर्नाटकांतील निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांनीं आधार योजनेसंबंधीं केलेल्या अर्जाच्या ओघांत हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढें आला, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं त्यांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा संविधानानें दिलेल्या मूलभूत हक्कांचा भाग आहे. या पीठावर नागपूरचे न्यायमूर्ति शरद बोबडे आणि न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड हे दोघे मराठी न्यायाधीश होते. २०२३ सालीं नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षीं टपालाचा व दूरसंचाराचा नवा कायदाहि झाला, आणि पत्रें व संदेश अडविण्याचा अधिकार त्या दोहोंतहि कायम आहे. सर जेम्स ग्रॅहॅम यांची मोहोर रूप पालटून अद्याप टेबलावर आहे.

मग आपोआप लागणारें कुलूप आहे, न्यायालयाचा निर्णय आहे, कायदाहि आहे; आतां लोकांना शिकविण्यासारखें उरलें काय? उरलें आहे तें सर्वांत जुनें. कुलूप कितीहि भक्कम असलें, तरी घरधन्यानें स्वतःच्या हातानें किल्ली देऊं केली, तर चोराला तें फोडावें लागत नाहीं. आज भारतांतील शहरांत ज्यांची आयुष्याची पुंजी फोनवरून लुबाडली जाते, त्यांचें पत्र वाटेंत कोणीं फोडलेलें नसतें. बँकेंतून बोलतों असें सांगणाऱ्याला त्यांनीं ओटीपीचे आंकडे वाचून दाखविलेले असतात. अथवा पोलिसांचा गणवेश घालून मोबाईलच्या पडद्यावर आलेल्या तोतयाच्या धाकानें, घरांतल्या कोणालाहि न सांगतां, पैसे पाठविलेले असतात. डिजिटल अटक नांवाची कोणतीहि तरतूद कायद्यांत नाहीं, हें ऑक्टोबर २०२४ मध्यें पंतप्रधानांना आकाशवाणीवरून सांगावें लागलें. फसलेल्यांत निवृत्त अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. अक्षरओळख असून अशी पाळी यावी, याचें कारण पोस्टकार्ड उघडें आहे हें जसें डोळ्यांना दिसे, तसें येथें कांहींच दिसत नाहीं.

म्हणूनच या इतिहासांतून शिकविणाऱ्यानें घ्यावयाचे धडे साधे आहेत. भीती घालून दिलेलें शिक्षण मॅझिनीच्या काळच्या चकत्यांप्रमाणें चार महिन्यांत विसरलें जातें. संवयीनें आलेलें टिकतें. तेव्हां वृद्ध आईबापांना भयकथा ऐकवीत बसण्यापेक्षां, बँकेचा किंवा सरकारचा फोन आला तर तो ठेवून द्यावयाचा, आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावयाचा, अशी एकच रीत घरांत घालून द्यावी. ही मॅझिनीची खसखसच आहे: मोहोर पाहून विश्वास ठेवावयाचा नाहीं, आपल्या हातानें पारखावयाचें. लिहूं नये तें लिहूं नये, हा जुन्या कारभाऱ्यांचा नियम फोटो व कागदपत्रें यांनाहि लागू आहे. आधारकार्डाची प्रत मागणाऱ्या प्रत्येकाला ती देणें आवश्यक नसतें. शिकवितांना होनोलुलूचा वर्ग आठवावा: शेजारीं बसून, त्याच माणसाच्या हातांतील यंत्रावर, त्याच्या बोटांनीं करवून घ्यावें. स्वतःच भराभर बटणें दाबून 'झालें' असें म्हणणारा नातू आजीला कांहींच शिकवीत नाहीं.

आणि फसवणूक झालीच, तर लाजेनें गप्प बसण्याचें कारण नाहीं. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी गेलेली रक्कम वाटेंत अडण्याचा संभव अधिक असतो. मॅझिनीनें आपलीं पत्रें फुटल्याचें जगाला उघडपणें सांगितलें, म्हणून ती कचेरी बंद झाली. तो मुकाट राहिला असता, तर पुढच्या कित्येकांचीं पत्रें तशींच वाचलीं गेलीं असतीं, आणि कोणाच्या हातीं आलेल्या घडींतून किती दाणे गळाले, हें कोणींच मोजलें नसतें.